वायुमातेची विहीर आणि पाशाभाईंची हातोडी

खडकओढ्याच्या विहिरीभोवती गुरुवारी एवढी गर्दी जमली होती की, वडापची जीप अर्धा किलोमीटर अलीकडेच थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, पायताण काढलं आणि जीपमध्ये बसल्या बसल्याच विहिरीच्या दिशेने हात जोडले. सुफिया बॅग खांद्याला लावून उतरली आणि उसाच्या कडेकडेने चालू लागली. सकाळी ती दौंडला घरी पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या फरीदाखालांनी सांगितलं होतं, "तुझे अब्बा खडकओढ्याला गेलेत. दर गुरुवारी जातात. आता तर काय, तिथले मानकरीच झालेत."

विहीर जुनी, रुंद, दगडी बांधणीची. मालक बापूसाहेब पलांडे, गावातले मोठे बागायतदार. वर्षभरापूर्वी एक महाराज हिंडत हिंडत आले, विहिरीच्या आतल्या भिंतीवर देवीचा दगडी मुखवटा बसवून ही वायुमाता आहे असं सांगितलं, आणि बापूसाहेबांच्या परवानगीने काठावर पत्र्याचा मठ बांधून राहिले. पाठोपाठ भक्तांनी अंगणात शहाबादी फरशी घालून दिली. महाराजांचं नाव वायुगिरी. अंगावर भगवी कफनी, मनगटावर भलंमोठं घड्याळ, आणि हातात फेरीवाल्यांकडे असतो तसला माइक.

महाराजांनी शंख फुंकला. ढोल वाजू लागले. थोड्याच वेळात विहिरीतल्या मुखवट्याच्या तोंडातून पांढरा धूर निघाला. भर एप्रिलच्या उन्हात तो थंडगार धूर वर न चढता खाली पाण्याकडे उतरत होता. मग पेटता कंदील दोराने आत सोडला. मुखवट्याच्या खाली गेला, ज्योत लहान झाली, थरथरली आणि विझली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

"आईनं ज्योत पिली," महाराज माइकमधून म्हणाले. "आता विचार करा. माणूस आयुष्यभर काय आत घेतो? ऑक्सिजन. आन् शेवटी काय व्हतं? मरतो. ऑक्सिजननं लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं. असला वायू तुम्ही फुकट मिळतो म्हणून वढता. आईचा वायू निराळा. त्यात दमा टिकत न्हाई."

ऑक्सिजन घेणारा प्रत्येक जण शेवटी मेला होता हे खरंच होतं.

मग दम्याचे रुग्ण यारीला टांगलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकेक करून विहिरीत जरासे खाली सोडले गेले. यारी म्हणजे विहिरीचा गाळ उपसायचं यंत्र. ते आता झेंडूच्या माळा घालून उभं होतं. माणूस धुराच्या कडेला पोचला की त्याची छाती जोरजोरात वर-खाली व्हायची, डोळे फिरायचे. लगेच त्याला वर ओढत. वरच्या हवेत आला की त्याला मोकळं वाटायचं, आणि मोकळं वाटलं ही आईची कृपा ठरायची.

सुफियाला आपले अब्बा पहिल्या रांगेत दिसले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, छातीवर हात. गर्दीतून त्यांच्याकडे जायला ती निघाली, तोच महाराजांचा आवाज आला.

"कुणी म्हणंल, महाराज, याला सायन्सचा पुरावा काय? पुरावा हितंच बसलाय. दौंडचे आपले पाशाभाई. यांची लेक साता समुद्रापलीकडं मोठी शास्त्रज्ञ हाय. तिकडचं सरकार हाच वायू समुद्राच्या पोटात साठवतं, आन् तो निसटू ने म्हणून ती पहारा देती. आता सांगा, माणूस पहारा कशावर ठेवतो? मातीवर ठेवतो? सोन्यावर ठेवतो!"

गर्दीने माना डोलावल्या. सुफिया गर्दीत अर्ध्यातच थांबली. गेली दोन वर्षं ती ज्या कामासाठी रात्रंदिवस डोळे फोडून घेत होती, ते काम खडकओढ्याच्या विहिरीचं सर्टिफिकेट झालं होतं.

"येत्या रविवारी," महाराज म्हणाले, "आई पहिल्यांदाच एका भक्ताला तळाच्या पायरीवर बोलावतीय. धुराच्या पार. खुर्ची तिथं टेकंल आन् अख्खी आरती व्हईस्तोवर टेकलेली ऱ्हाईल. वर येईल तो माणूस नवा असंल. तो मान पाशाभाईंचा."

पाशाभाई उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. हात जोडतानाही त्यांना धाप लागली होती.

घरी आल्यावर सुफियाने आधी चहा केला, कारण रागाच्या भरात अब्बांशी बोलून आजवर कोणाचाच फायदा झालेला नव्हता. पाशाभाईंनी सगळी नोकरी दौंडच्या रेल्वेत काढली होती. गाडी यार्डात आली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. चाक धड असेल तर 'ठण्ण' वाजतं, कुठे तडा असेल तर 'बद्द'. सेवानिवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना हार, नारळ आणि तीच हातोडी दिली होती. ती दारामागे उभी असायची. पण कोळशाच्या आणि ब्रेकच्या धुळीने छाती मात्र कामातून गेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडात फवारायचा पंप दिला होता, तो कपाटात नवाकोरा पडून होता. एकदा पंप लागला की माणूस संपला, असं त्यांचं ठाम मत होतं.

"अब्बा, त्या धुरात खाली बसलात तर तुम्ही वर येणार नाही," ती म्हणाली. "तो कार्बन डायऑक्साइड आहे. आपण श्वास सोडतो त्यात असतो, सोड्याच्या बाटलीत असतो. थोडा असला तर काही बिघडत नाही. पण तो हवेपेक्षा जड. विहिरीसारख्या खोल जागी साचला की तिथे श्वास घ्यायला हवाच उरत नाही. कंदील विझतो तसा माणूस विझतो."

"मला तीन बाऱ्या खाली सोडलं. बरं वाटलं."

"धुराच्या कडेला सोडलं. तो वायू थोडा गेला की छाती आपोआप जोरात चालते. वर आलात, चांगली हवा मिळाली, बरं वाटलं. रविवारी वर आणायला उशीर करणार आहेत."

पाशाभाईंनी बशीतला चहा संपवला. मग त्यांच्या मनात आजपासून नव्हे, वर्षभरापासून असलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"वाईट हाय तर तू तिकडं त्याला जपतीस कशापायी?"

हे सुफियानेच सांगितलं होतं. टेलिफोन बूथवर अब्बांचा आवाज नीट येत नसायचा, मागे लोक ताटकळत असायचे, म्हणून तिने घाईघाईत एका वाक्यात उरकलं होतं: 'आम्ही समुद्राखाली गॅस साठवतो आणि तो गळू नये म्हणून लक्ष ठेवतो.' ते वाक्य अब्बांनी दौंडच्या फलाटापासून शिरूरच्या बाजारापर्यंत मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. ज्यावर पहारा, ती चीज मोलाची, हा हिशेब लोकांनी आपापला केला. त्यात लोकांचं तरी काय चुकलं?

"गारुडी टोपलीचं झाकण जपतो," ती म्हणाली, "ते नागावर जीव आहे म्हणून नाही, अब्बा."

मग ती पहिल्यांदाच घाई न करता सांगायला बसली. नॉर्वेजवळ समुद्राच्या तळाखालून इंधनाचा गॅस काढतात. त्याच्यासोबत हा नको असलेला वायू येतो. तो हवेत सोडला तर दुनियेची उष्णता वाढते, म्हणून तो परत तळाच्या खूप खाली, वाळूच्या दगडात दाबून ठेवतात. वर चिकणमातीच्या दगडाचं झाकण असतं. ते झाकण गळतंय का, हे बघायला खाली कोण जाणार? मग जहाज वरून पाण्यात मोठा दणका देतं. आवाज तळाखाली जातो, दगडांच्या थरांवर आपटून परत येतो. जहाजामागे दोरांना लावलेली यंत्रं तो ऐकतात. वायू जिथे बसलाय तिथून आवाज निराळा येतो. त्या आवाजांवरून खालचं चित्र तयार होतं. काही काळाने परत तिथेच जायचं, परत दणका द्यायचा, परत चित्र काढायचं. एका चित्रावरून फारसं कळत नाही. दोन्हींमधला फरक बघायचा. वायू आहे तिथेच असेल तर ठीक, वर सरकला असेल तर गळती.

पाशाभाईंनी दारामागे पाहिलं.

"म्हंजी चाक ठोकता तुम्ही," ते म्हणाले. "निस्तं चाक लई मोठं हाय."

सुफियाच्या प्राध्यापकांना हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. तिला वाटलं, जिंकले. पण पाशाभाईंनी टोपी नीट केली आणि म्हणाले की, जायचं तर जायचंच. चार गावांसमोर शब्द दिला. आता माघार घेतली तर पाशा भ्यायला म्हणतील, आणि लेकीच्या शास्त्रावर त्याचाच विश्वास नाही, असंही म्हणतील.

शनिवारी ती एकटीच खडकओढ्याला गेली. बापूसाहेब पलांडे ओट्यावर पेपर वाचत होते. साखर कारखान्याच्या निवडणुकीखेरीज दुसऱ्या कशावर चटकन विश्वास ठेवणारा हा माणूस नव्हता. पण विहिरीमुळे गावाचं नाव पेपरात आलं होतं, आणि ते त्यांना आवडलं होतं. सुफियाने फक्त एक कंदील आणि दोर मागितला. लेक परदेशात शिकलेली, शिवाय पाशाभाईंची, म्हणून ते स्वतः सोबत आले.

विहीर रुंद, पाणी फार खाली नव्हतं, आणि दोन दिवस वारा मोकळा वाहत होता. कंदील मुखवट्याच्या खाली गेला. जळत राहिला. तळाच्या पायरीपर्यंत गेला, पाण्याला टेकायला आला, तरी जळत राहिला.

"काका, परवा याच विहिरीत, याच जागी विझला होता," सुफिया म्हणाली. "आज विझत नाही. म्हणजे वायू विहिरीचा नाही. गुरुवारी कुठून तरी येतो."

मठाच्या दारातून वायुगिरी महाराज हे बघत होते. ते सावकाश जवळ आले आणि म्हणाले, "बेटी, शनिवारी आईचं मौन असतं."

बापूसाहेबांनी महाराजांकडे पाहिलं, मग कंदिलाकडे. मौनाचा आणि कंदिलाचा संबंध त्यांना लागला नसावा. घराच्या फाटकापाशी त्यांनी विचारलं, "मंग उद्या काय करायचं म्हंतीस?"

"मी काही करणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त अब्बांना कोणाला अडवू देऊ नका."

रविवारी शिरूर आणि दौंड दोन्हींकडून लोक लोटले. भेळेच्या गाड्या आल्या, आईस्क्रीमवाला आला. पाशाभाई आंघोळ करून, अत्तर लावून आले होते. यारीखाली निळी खुर्ची वाट बघत होती. महाराज शंख उचलणार इतक्यात सुफिया पुढे झाली. तिच्या हातात दारामागची हातोडी होती.

"अब्बा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मी तुम्हाला थांबवत नाही. पण आजवर एक तरी गाडी तुम्ही न ठोकता सोडलीत?"

पाशाभाईंनी हातोडीकडे पाहिलं. ते गाड्यांच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. मंत्र्याची स्पेशल गाडीही त्यांनी ठोकून मगच सोडली होती. त्यांनी हात पुढे केला.

"आईच्या अंगणात लोखंड मारणं पाप हाय," महाराज माइकमधून म्हणाले.

"महाराज, गाडीत परकी माणसं बसायची तरी मी तपासायचो," पाशाभाई म्हणाले. "आज मीच बसतोय."

लोक हसले. महाराजांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ठोकू द्या. अंगण माझंय."

पाशाभाईंनी आधी विहिरीचा काठ ठोकला. ठण्ण. दोन पावलं सरकले. ठण्ण. यार्डात चालत तसे ते मान एका बाजूला कलती करून, कोणाकडे न बघता चालू लागले. गर्दी आपोआप गप्प झाली. मुखवटा होता त्या बाजूला ते आले आणि फरशी बोलली, 'बद्द'. पाशाभाई थांबले. बाजूला ठोकलं: ठण्ण. परत मधे: बद्द. पुढच्या फरशीवर सरकले. बद्द. त्या पोकळ आवाजाच्या मागोमाग ते सरळ रेषेत चालत गेले, आणि ती रेषा मठाच्या मागच्या, कायम बंद असलेल्या पत्र्याच्या खोलीला जाऊन भिडली.

पाशाभाई वळले. त्यांना धाप लागली होती, पण आवाज यार्डातल्यासारखा खणखणीत होता.

"गाडी सोडता येत न्हाई," ते म्हणाले. "खाली भेग हाय."

सुफियाने बापूसाहेबांना फक्त मान हलवून खूण केली. त्यांच्या गड्याने पहार घातली. फरशी निघाली. खाली चर होता, आणि चरात काळा रबरी पाइप, आपल्याकडे ठिबकवाले घालतात तसा शिस्तीत पुरलेला. एक टोक विहिरीकडे, एक खोलीकडे. गड्याने पाइप मधोमध कापून वर काढला.

महाराज म्हणाले, तो अभिषेकाच्या पाण्याचा पाइप आहे. बापूसाहेब म्हणाले, असेल. मग त्यांनी महाराजांच्या हातातला शंख मोठ्या आदराने मागून घेतला, तोंडाला लावला आणि कसाबसा फुंकला. आवाज चांगला आला नाही, पण पुरला.

बंद खोलीत महाराजांचा शिष्य म्हाळू बसलेला होता. त्याला बाहेरचं काही दिसत नसे. शंख वाजला की चावी पिरगाळायची, एवढंच त्याचं व्रत, आणि ते त्याने आजही निष्ठेने पाळलं. कापलेला पाइप फणफणला. वायुमातेचा थंडगार पांढरा श्वास चरातून उसळून पुढच्या रांगेतल्या भक्तांच्या पायांवर पसरला. पाइपच्या तोंडावर भर उन्हात बर्फाचे कण धरले. ढोलवाला सवयीने दोन ठोके वाजवून गेला, मग थांबला.

खोलीचं दार उघडलं तेव्हा आत लाल टाक्या ओळीने उभ्या होत्या, कारखान्यांत आग विझवायला असतात तसल्या. वायुगिरी होण्याआधी महाराज सणसवाडीत टाक्या भरायच्या कामावर होते, हे नंतर म्हाळूनेच सांगितलं. जो वायू आग विझवतो तो कंदील विझवणारच. दाबातून एकदम सुटला की तो गार पडतो, भोवतीच्या हवेतलं बाष्प त्याने गोठतं, तो पांढरा धूर. जड असतो म्हणून खाली उतरतो. टाकी सुटल्याचा फणफणाट ऐकू जाऊ नये म्हणून ढोल. चमत्कार एवढाच होता.

लोकांनी महाराजांना घेरलं. दोघा-तिघांनी कफनी धरली. सुफिया मोठ्याने म्हणाली, त्यांना हात लावू नका, शिरूरहून पोलीस येतील. आधी मला एक कंदील द्या. कंदील आला. तिने तो चरात, पांढऱ्या धुरात ठेवला. तो विझला. या वेळी कोणी हात जोडले नाहीत.

"गाळ काढायला माणूस उतरवायच्या आधी विहिरीत काय सोडता तुम्ही?" तिने विचारलं.

"कंदील," चार-पाच जण म्हणाले.

"कशाला?"

सगळ्यांना माहीत होतं, पण वर्षभरात ते माहीत असल्याचंच जो तो विसरला होता. शेवटी पुढे बसलेली साखरबाई नावाची म्हातारी म्हणाली, "इझला तर माणूस सोडायचा न्हाई. विषारी हवा असती."

"मग आज विझल्यावर कोणाला सोडणार होतात?"

सगळ्यांच्या नजरा यारीखालच्या निळ्या खुर्चीकडे गेल्या, आणि तिथून पाशाभाईंकडे. साखरबाईने तोंडाला पदर लावला. बापूसाहेब पलांडे, ज्यांना कधी कोणी खाली बघताना पाहिलं नव्हतं, ते फरशीकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्याच विहिरीत, पाशाभाई. माझ्याच."

पाशाभाई चालत गेले, खुर्ची यारीवरून सोडवून उसाच्या सावलीत ठेवली आणि तिच्यावर बसले. छाती भात्यासारखी चालली होती. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"तुझ्या पिशवीत त्यो पंप हाय का?"

होता. गुरुवारपासून ती तो सोबत घेऊनच हिंडत होती. पाशाभाईंनी तिने दाखवला तसा तोंडात धरला, ओढला, आणि थोड्या वेळाने छातीचा भाता हळू झाला. पलीकडे आईस्क्रीमवाल्याचा धंदा परत सुरू झाला.

देव आहे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. या गोष्टीचा तो विषय नाही. पण डोळ्यांदेखत दिवा विझला तर हात जोडण्याआधी तो का विझला हे विचारायला कोणत्याही देवाची मनाई नाही. आपल्याच वाडवडिलांनी तो कंदील कशासाठी सोडायला सुरुवात केली, एवढं आठवलं असतं तरी खडकओढ्याला शास्त्रज्ञ लागली नसती. आणि कोणी सांगेल की अमुक गोष्ट शास्त्रात आहे, तर त्या शास्त्रवाल्याला गाठून स्वतः विचारावं. तो घाईत असेल तर त्याला थांबवावं.

सुफिया परत निघाली त्या दिवशी दौंडच्या फलाटावर पाशाभाई सोडायला आले होते. बाकावरच्या ओळखीच्या हमालाने विचारलं, लेक तिकडं काय करते? पाशाभाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, बरोबर सांगतोय ना अशा नजरेने, आणि मग म्हणाले, "समुद्र ठोकून बघती. बद्द वाजला तर सांगती."

गाडी हलायच्या आधी त्यांनी सवयीने वाकून तिच्या डब्याच्या चाकाकडे पाहिलं, जवळ हातोडी नव्हती म्हणून बोटांच्या सांध्यांनी डब्यावरच दोनदा ठोकलं, आणि हात हलवून गाडी सोडायला सांगितली.